घरच्या जाचाविरुद्ध दाद मागायची, तर खर्च किती?

ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: “कोर्टकचेरी करायला माझ्याकडे पैसे कुठे आहेत?” पेन्शनचं पासबुक मुलाकडे, एटीएम कार्ड सुनेकडे, गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसेसुद्धा मागून घ्यायचे. अशा माणसापुढे वकिलाच्या फीचा विषय काढला की तो तिथेच गप्प होतो आणि घरच्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून कायद्याची कलमं नंतर, आधी खिशाचा हिशेब.

किती घरांत हे चालतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर ६ जणांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा जाच सोसावा लागतो. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ज्येष्ठांची मोठी पाहणी केली. तीत जाच होतो असं सांगणारे साधारण ५ टक्के निघाले. दोन आकड्यांतली तफावत मला फारशी कोड्यात टाकत नाही. शेजारच्या खोलीत मुलगा बसलेला असताना परक्या माणसाला “हो, मारतात” असं कोणती आई सांगेल?

प्रांत कचेरीचं दार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ चा. साठ पूर्ण झालेला कुणीही भारतीय नागरिक त्याखाली अर्ज करू शकतो; आई-वडिलांना तर वयाचीही अट नाही, सावत्र आणि दत्तक घेणारे पालकही त्यात आले. अर्ज मुलगा, मुलगी, सज्ञान नातू किंवा नात यांच्याविरुद्ध करता येतो. मूलबाळ नसेल तर ज्याच्या ताब्यात तुमची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे वारशाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाविरुद्ध. सून आणि जावई यांची नावं या व्याख्येत नाहीत. ती घालण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, पण मंजूर न होताच बारगळलं.

अर्ज ऐकणारं न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी, आपल्या बोलीत प्रांत. तुम्ही राहता तिथल्या, पूर्वी राहत होतात तिथल्या किंवा मुलगा राहतो तिथल्या, यांपैकी कुठल्याही प्रांतांकडे जाता येतं. मुलगा पुण्यात आणि तुम्ही गावी असाल तर पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. स्वतः जाणं जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकारपत्र देऊन अर्ज करता येतो.

आता खर्च. कायद्याने अर्जाला फी ठेवलेली नाही. काही कचेऱ्यांत अर्जावर किरकोळ रकमेचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला सांगतात, तेवढा लावून टाकावा. प्रतिज्ञापत्र मागितलं तर बाहेरचा टंकलेखक पहिली गोष्ट सांगेल की पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा. आणू नका. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे, साधा कागद चालतो. वाचलेल्या पैशांतून झेरॉक्स काढा: एक संच कचेरीला, प्रत्येक मुलामागे एक, आणि एक स्वतःला. सोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, पासबुकाच्या गेल्या वर्षभराच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलं. वकील लागत नाही, कारण कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणापुढे कुठल्याच बाजूने वकील उभा राहू शकत नाही. काही उच्च न्यायालयांनी ही बंदी सैल केली आहे, त्यामुळे मुलगा वकील घेऊन आलाच तर घाबरून जाऊ नका. तुमची बाजू मांडायला जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातला निर्वाह अधिकारी मागता येतो, तोही फुकट. मागितल्याशिवाय मात्र तो येत नाही.

अर्ज कसा लिहावा, याविषयी थोडं सविस्तर, कारण अर्धे अर्ज इथेच लंगडे पडतात. लोक चार पानं आयुष्याची कहाणी लिहितात: मुलाला कसं शिकवलं, लग्नात काय खर्च केला, सून आल्यापासून घर कसं बदललं. ते सगळं खरं असतं, पण प्रांतांना हवी असते रक्कम. महिन्याला औषधं इतकी, किराणा इतका, वीजबिल इतकं, तपासणीला जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं इतकं, माझं उत्पन्न इतकं, म्हणून कमी पडतात इतके. त्याखाली मुलाचा पगार किंवा धंदा, माहीत असेल तेवढा. मग जाचाच्या तीन-चार घटना, तारखेसह. शेवटी मागणी: दरमहा अमुक रुपये, निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम, आणि मला घरातून काढू नये असा आदेश. अंतरिम रकमेचं वाक्य विसरलात तर महिनोन् महिने हात रिकामे राहतील. अर्ज टेबलावर ठेवून निघून येऊ नका. आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. “साहेब आले की बघू” म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा, “पोच द्या, मग बघा.”

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. आधी समेट घडवायला अर्ज समेट अधिकाऱ्याकडे पाठवला गेला तर त्याला एक महिना मिळतो. प्रत्यक्षात प्रांतांच्या मागे निवडणुका, भूसंपादन, पूर-दुष्काळाचे पंचनामे असतात आणि तारखा पुढे जातात. तालुक्याहून दर तारखेला यायचं तर खरा खर्च इथे होतो. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, एवढा आधार आहे. निकालाची प्रत विनाशुल्क द्यायची असते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

दहा हजारांची मर्यादा

या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात. आकडा २००७ चा आहे आणि आजही तोच आहे. गावातल्या आजीला ही रक्कम पुरेशी वाटेल. पण ठाण्यात डायलिसिसवर असलेल्या माणसाचं, ज्याचा मुलगा परदेशात बक्कळ कमावतो, त्याचं काय? त्याने दुसरं दार ठोठावावं: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं १२५. तिथे रकमेला वरची मर्यादा नाही. लग्न झालेली, स्वतः कमावती मुलगीही त्या दारात उत्तरदायी आहे. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच हे सांगून टाकलंय.

मात्र तिथे वकील लागतो आणि वेळही जास्त जातो. वकिलाच्या फीला ठरलेला दर नाही. म्हणून कागद हातात देण्यापूर्वी एकूण फी किती, की दर तारखेला वेगळी, हे लिहून घ्या. त्याहीआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बंगल्यात राहणारी, पण हातात दमडी नसलेली आजीसुद्धा त्यात बसते. पुरुषासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये. म्हणून आई-वडील दोघेही हयात असतील तर आईच्या नावे अर्ज करणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत, एक निवडावं लागतं. माझं मत विचाराल तर दहा हजारांत भागत असेल तर प्रांत कचेरीच बरी.

एका सहीची किंमत

इतका वेळ शेकड्यांत हिशेब चालला होता. आता लाखांचा. जाचाची बहुतेक प्रकरणं खणत गेलं की खाली एक दस्त सापडतो. “बाबा, तुमच्या माघारी कटकट नको, आत्ताच नावावर करून टाका.” महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार, नोंदणी फी वगैरे धरूनही विक्रीच्या मानाने नगण्य. दस्त इतका स्वस्त आहे म्हणूनच तो इतक्या घाईने होतो. आणि बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

२००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये एक पळवाट ज्येष्ठांसाठी ठेवली आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो दस्त रद्द करून घेता येतो. सगळा जोर “अटीवर” या शब्दावर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं, पण त्यात सांभाळाची अट नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने दस्त रद्द ठरवायला नकार दिला. २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात मात्र बक्षीसपत्रात मुलगा सेवा करील असं लिहिलेलं होतं, शिवाय मुलाचा वचननामा होता. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा आईला परत द्यायला लावला.

तेव्हा द्यायचंच असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाण्यापूर्वी मसुद्यात हे घालून घ्या: “देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहण्याचा हक्क राहील. घेणार यांनी देणार यांच्या अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराची सोय करावयाची असून, ही अट मोडल्यास सदर बक्षीसपत्र रद्द करण्याचा देणार यांना हक्क राहील.” या दोन वाक्यांचा जादा खर्च काहीही नाही. मुलगा म्हणाला, “एवढाही विश्वास नाही का?” तर सही पुढच्या महिन्यावर ढकला. सही ढकलायलाही पैसे पडत नाहीत.

मला विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदार हवेत, आणि ते वाटेकऱ्यांपैकी नसावेत. मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. घरातल्या लोकांना हे माहीत असलं की जेवणाच्या ताटातही फरक पडतो, असं अनेक आज्या हसत सांगतात.

मुलगा घरातून निघत नसेल तर? घर तुमच्या नावावर असेल तर न्यायाधिकरण त्याला बाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतं, उर्मिला दीक्षित निकालानेही हा अधिकार मान्य केला आहे. पण मुलासोबत सून असेल तर तिचा सामायिक घरात राहण्याचा हक्क या कायद्याने आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एस. वनिता खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. आणि हे सांगितलं ते बरं झालं. मुलाशी संगनमत करून सुनेला हुसकायला सासू-सासरे हा कायदा वापरतात, अशीही घरं आहेत. शिवाय घर रिकामं करण्याचा आदेश मुलगा मुकाट्याने मानत नाही, वर जातो. मुंबईतल्या एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना असा आदेश टिकवण्यासाठी न्यायाधिकरणापासून सुरुवात करून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्या पायरीवर वकिलांचा खर्च टळत नाही. तेव्हा आधी पोटगी आणि संरक्षण मागा, घर रिकामं करण्याची मागणी खरोखर गरज असेल तरच.

गावात सातबारा, शहरात ओटीपी

गावात जाच सुरू होतो वाटणीपासून. चार भाऊ, चार चुली, आणि म्हातारा-म्हातारी महिन्या-महिन्याने वाटून घेतलेली. कधी आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला नाममात्र १०० रुपये मुद्रांक आणि २०२५ पासून नोंदणी फीही माफ, त्यामुळे वाटणीची घाई वाढली आहे. वाटणी करावी, पण स्वतःच्या नावावर एक तुकडा ठेवून. सातबारावरचं नाव गेलं की पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० हेही गेले. हे १२,००० रुपये आजोबांच्या खात्यात येत होते म्हणून त्यांना तंबाखू आणि चष्मा विचारून घ्यावा लागत नव्हता. फेरफाराची नोटीस आली आणि सही तुमची नसेल, फसवून घेतली असेल, तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत नोंदवा आणि तिचीही पोच घ्या.

काही ठिकाणी गावपातळीवरच इलाज शोधला गेला. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो पालकांच्या खात्यात वळवला. मुलगा शिक्षक, ग्रामसेवक किंवा इतर सरकारी नोकर असेल तर त्याच्या कार्यालयप्रमुखाला लिहिलेला एक अर्ज पुष्कळ काम करतो. खर्च रजिस्टर टपालाचा.

शहरात फेरफाराची जागा मोबाइलने घेतली आहे. बँकेत नोंदवलेला नंबर मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे, आणि महिन्याच्या दोन तारखेला पेन्शन उचललेली. बँकेत जाऊन नंबर बदलण्याचा फॉर्म भरा, जुनं एटीएम कार्ड बंद करा. संयुक्त खातं “आयदर ऑर सर्व्हायव्हर” असेल तर ते “फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर” करून घ्या. मग पहिलं नाव असलेल्यालाच हयातीत पैसे काढता येतात. हा बदल करायला दुसऱ्या खातेदाराची सही लागते. तो देत नसेल तर एकट्याच्या नावे नवं खातं काढा आणि पैसे तिकडे वळवा. बँकेत जाता येत नसेल तर सत्तरी ओलांडलेल्यांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन काढतो, त्याला सुमारे ७० रुपये पडतात. ते मुलाच्या उपकारापेक्षा स्वस्त.

मार लागला असेल तर

इथे प्रांताची वाट बघू नका. ११२ ला फोन करा. मग सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना कसं लागलं ते खरं सांगा, “बाथरूममध्ये पडले” म्हणू नका. केसपेपरवर तसं लिहून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पोलीस ठाण्यात एफआयआरची प्रत फुकट मिळते. साठीपुढच्या माणसाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं असतं. ज्येष्ठाला सोडून देणं, टाकून देणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आईला आणखी एक वाट आहे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार विनाशुल्क होते. मुंबईतून गेलेल्या हिरल हरसोरा खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातले “सज्ञान पुरुष” हे शब्द काढून टाकले. तेव्हापासून सुनेविरुद्ध किंवा मुलीविरुद्धही त्याखाली दाद मागता येते.

फोनवर नुसतं कुणाशी बोलायचं असेल, काय करावं हे विचारायचं असेल, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. शेजाऱ्यांनीही हा नंबर लावायला हरकत नाही.

स्वतःचा पैसा

खटला चालू असताना आणि नसतानाही हातात थोडं हवं. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या, २१,००० रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीच्या संजय गांधी शाखेत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्याचं संरक्षण आहे. “तुझ्या आजारपणात आम्ही बुडालो” हे टोमणे त्याने निम्मे तरी कमी होतात.

वृद्धाश्रमाचा पर्याय निघालाच तर पैसे भरण्यापूर्वी अनामत रक्कम परत किती आणि कधी मिळते, अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात की घरी पाठवतात, डायपर आणि औषधं महिन्याच्या रकमेत धरली आहेत का, एवढं लेखी घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नका, दुसऱ्या महिन्याचं बिल कुणाचं तरी मागून बघा.

आणि पोटगीचा आदेश हातात आल्यावरचं एक काम. मुलगा दोन-तीन महिने पैसे भरतो, मग थांबतो. वसुलीचं वॉरंट काढायला ती रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रांतांकडे अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर त्या महिन्याची रक्कम वसूल होत नाही. वॉरंट निघूनही पैसे दिले नाहीत तर मुलाला एक महिन्यापर्यंत तुरुंगात पाठवता येतं. म्हणून पासबुक दर महिन्याच्या दहा तारखेला भरून आणा, आणि जमा नसेल तर त्याच आठवड्यात, आधीच्या अर्जाचा क्रमांक घालून, एक पानी अर्ज टाका.